गाळणीतला बर्फ

"परत तुंबली," इरफान पुटपुटला, पण केतकीकाकूंना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. टाकीखालची गाळणी त्यानं चिमट्यानं बाहेर काढली. द्रवरूप नायट्रोजनमधून गाळलेला भुरभुरीत बर्फ तिच्यात गच्च बसला होता.

"हवाच दमट आहे हल्ली," काकू म्हणाल्या.

"हवा नाही, काकू. झाकण उघडून आत वाकून बोललं की श्वासातली वाफ आत जाते आणि तिथंच गोठते."

दर गुरुवारी काकू निनादशी, आपल्या नवऱ्याशी, बोलायला यायच्या. आजारावर औषध निघेपर्यंत म्हणून त्याला या टाकीत गोठवून ठेवलं, तेव्हा दोघंही तिशीतली होती. तो अजून तिशीतलाच होता. काकू मात्र आता गुडघ्याला पट्टा बांधून जिना चढायच्या. इरफान स्वतः चाळिशीचा, तरी निनादला काका म्हणायचा.

औषध गेल्याच वर्षी निघालं होतं. रांगेतली बाकीची माणसं उठून घरी गेली, त्यांच्या टाक्या रिकाम्या झाल्या. काकूंपुढे मात्र तो विषय कुणी काढत नसे.

इरफाननं नवी गाळणी बसवली, हातमोजे काढले. "गाळणी मी बदलत राहीन हो. पण काकांना उठवायचं कधी?"

काकूंनी टाकीवरचं दव पदरानं पुसलं.

"उठला की केतकी कुठंय म्हणून विचारेल," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघूनच विचारेल."