भागाबाईची भिंत

शिंदखेड्याची गाडी सुटायला तासभर उरला होता. एवढ्या वेळात एकच काहीतरी बघून होणार होतं. चित्रसंग्रहालय, नाहीतर सेठजींची कोठी.

धुरपदाबाईंचा मोतीबिंदू काढून महिना झाला होता. आज डॉक्टरांनी काळा चष्माही काढायला सांगितला. धुळ्यात चित्रकला शिकणाऱ्या नूतनने तेव्हाच ठरवलं होतं, आजीच्या स्वच्छ डोळ्यांनी आधी चित्रंच बघायची. धुरपदाबाई मात्र रिक्षात बसल्या आणि कोठीचं नाव सांगून मोकळ्या झाल्या. जुन्या भिंतीच बघायच्या तर आपल्या घरी काय कमी आहेत, असं नूतन वाटभर पुटपुटत होती.

तिलाही माहीत होती ती गोष्ट. धुरपदाबाईंची आई, भागाबाई, या कोठीच्या कामावर मजूर होती. दिवाणखान्यातली चुन्याची भिंत तिने चार महिने गारगोटीने घोटली. त्या भिंतीत तोंड दिसतं, असं ती गावात सांगायची. कोठी उभी राहिल्यावर मजुरांना आत कोण घेणार? बघून आलेलं कुणीच नव्हतं. विहिरीवर बाया एकमेकींना म्हणायच्या, "केस विस्कटलेत गं, जा, भागाबाईच्या भिंतीत बघून ये." भागाबाई गेली, तरी ते बोलणं गेलं नाही.

दिवाणखान्याच्या दाराशी पितांबर नावाचा राखणदार होता. डोक्यावरची टोपी कानाकडे कललेली. त्याने भिंत दाखवली. राखाडी, मळकट, कुठेही असते तशी.

धुरपदाबाई तिच्यासमोर उभ्याच राहिल्या. नूतनने हळूच आजीचा दंड धरला.

तो सोडवून घेत धुरपदाबाईंनी तळहात आपल्या तेल लावलेल्या केसांवरून फिरवला आणि भिंतीला टेकवला.

"अक्का, हात लावू नका. पाटी दिसत नाही का?"

"पाटी दिसते बाबा. आता सगळं दिसतं. भिंतच तेवढी दिसत नाही."

शेवटी खोबरेल तेलाचा हात दिला की भिंत डोळा उघडते, असं भागाबाई म्हणायची. धुरपदाबाईंनी लुगड्याचा पदर मुठीत गोळा केला आणि भाकरीएवढ्या जागेवर गोल गोल घासायला सुरुवात केली. पदर काळा झाला. पितांबर तावातावाने जवळ आला आणि मध्येच थांबला.

आधी खिडकीतला उजेड भिंतीत उतरला. मग कपाळ आलं, कपाळावरचं गोंदण आलं, सुरकुतलेले गाल आले. हुबेहूब भागाबाईचं तोंड. मागून नूतनचं तोंड तिच्या खांद्याशी येऊन टेकलं. तिघी एकाच वेळी भिंतीतून बघत होत्या.

"मन्ही माय खोटं नही बोलनी," धुरपदाबाई म्हणाल्या. आवाज इतका हळू, की भिंतीलाच सांगितल्यासारखा.

कुणीच हललं नाही. गाडीची वेळ होऊन गेली.

पितांबर त्यांना बाहेर काढायला पुढे झाला. भिंतीपाशी येताच त्याचा हात नकळत डोक्याकडे गेला, आणि त्याने कललेली टोपी सरळ केली.