फुकटचं मलम

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात धावताना माझ्या तळव्यात खिळा घुसला, आणि त्या जखमेच्या निमित्ताने मार्थाबाई आमच्या वरळीच्या चाळीत घुसली. परळच्या एका दवाखान्यातली ही नर्स. दर रविवारी चर्च सुटलं की पदरच्या पैशाने मलमपट्टी घेऊन दारात हजर.

"कशाला येता हो?" मी खेकसायचो.

"येशूने प्रेम करायला सांगितलंय," ती माझ्याहून जोरात खेकसायची. "पाय पुढे करा!"

प्रेम म्हणे! आज पाय मागते, उद्या धर्म मागेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिची पाठ वळली की मी पट्टी सोडायचो, मलम चिंधीने पुसून टाकायचो आणि पट्टी होती तशी बांधून ठेवायचो. फुकटचं मलम अंगाला लागलं की माणूस मिंधा होतो. जखम चिघळली. पाय कापावा लागेल म्हणून ती ओरडली, बायको रडली. मी हटलो नाही.

दसऱ्याला तसाच लंगडत नागपूरला गेलो आणि दीक्षा घेतली. पुढच्या रविवारी तिला दारातच ऐकवलं, "बाई, आम्ही बौद्ध झालो. आता आम्ही काही ख्रिश्चन होत नाही. तुमची सगळी मेहनत पाण्यात गेली. या आता!"

तिने चपला काढल्या, आत येऊन खाली बसली आणि माझा पाय मांडीवर ओढून घेतला.

 

"बरं झालं, तुमची भीती गेली. आता तरी मलम पुसू नका."