सत्पात्री दान

"उरका लवकर. लेकरू बाळसं धरायच्या आत मोजा," उद्धवराव म्हणाले आणि हसले. लोकही हसले. लोकांना वाटलं, थट्टा आहे.

थट्टा नव्हती. नातू तापातून उठला तर त्याच्या वजनाएवढा गूळ दान करीन, असा नवस सुनेनं, राजूबाईनं, बोलला होता. नातू उठला, पण अजून नुसती हाडं नि कातडी होता. ठाणाकुशनुरातले गुळाचे आडते उद्धवराव यांना देण्याची घाई झालेली कधी कुणी पाहिली नव्हती. या वेळी मात्र भटजींच्या मागे लागून त्यांनी सगळ्यांत जवळचा मुहूर्त काढला. दुकानासमोर मोठा काटा टांगला. चारचौघांत बोलबाला व्हावा म्हणून तहसील कचेरीतल्या पेशकारसाहेबांनाही बोलावलं. शेरवानीतले पेशकारसाहेब खुर्चीत बसून सरबत पीत होते.

"दान सत्पात्री पाहिजे बघा," असं उद्धवराव येईल त्याला सांगत होते. मास्तर शाळेसाठी मागायला आले. शिकलेली पोरं उलटं बोलतात, म्हणून शाळा बाद. दर्ग्यापाशी बसणारा आंधळा फकीर बाद, कारण तो फार खुशीत असायचा. विधवा गुरुबाई बाद. तिला भाऊ होता. तो तिला दारात उभं करत नव्हता ती गोष्ट वेगळी. असं सगळं गाव चाळून झालं आणि सत्पात्र सापडलं ते त्यांच्याच देवघरात. गूळ देवापुढं ठेवायचा, हात जोडायचे, आणि नैवेद्य दाखवून झाला की परत दुकानात आणायचा. देव काही तक्रार करत नाही.

दान कुणाला ते नवस बोलणारीनंच चारचौघांत सांगायचं, असा रिवाज होता. "देवाला, म्हण. पुढं एक अक्षर नको," असं उद्धवरावांनी सुनेला बजावलं होतं. तिचा नवरा अंबाजी मागं उभा राहून मान हलवत होता. बापाचं प्रत्येक वाक्य त्याच्या मानेला पटायचं.

राजूबाईचं लक्ष लिंबाखाली उभ्या असलेल्या बाणूबाईकडं होतं. तोच ताप राजूबाईलाही आला होता आणि त्यात तिचं अंगावरचं दूध आटलं होतं. धनगराची बाणूबाई नुकतीच बाळंत झालेली. नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला. आपल्या लेकीला एका बाजूला घेऊन ती या लेकराला दुसऱ्या बाजूला घ्यायची. त्या बदल्यात उद्धवरावांच्या घरून तिला अर्धी भाकर मिळायची, रात्रीची. गेले काही दिवस लेकरू ओढून ओढून थकायचं आणि रडायचं. आज सकाळी बाणूबाई खालमानेनं म्हणाली होती, "अक्का, पोटातच काय न्हाई तर वर कुठून येईल? मी उद्या नवऱ्याकडं जायलेय." ती गेली तर लेकरू काय पिईल, हे राजूबाईला कुणी सांगायला नको होतं.

"बोल सूनबाई," उद्धवरावांनी आवाज चढवला. "दान कुणाला?"

"बोलो बेटी, शरमाना नक्को," पेशकारसाहेब म्हणाले.

"बाणूबाईला."

उद्धवरावांचं हसू तोंडावरच वाळलं. "त्या धनगरणीला? कामून? भाकर देतोय की तिला!"

"अर्धी, मामाजी. तीबी शिळी." राजूबाई पदराआडून बोलत होती, पण शब्द शेवटच्या माणसापर्यंत जात होते. "तिच्या पोटात पडलं तर तुमच्या नातवाच्या ओठाला लागंल. देवघरातल्या गुळानं कुणाला पान्हा फुटलाय व्हय?"

"भोत नेक काम है जी," पेशकारसाहेबांनी मान डोलावली.

झालं. आता माघार नव्हती. उद्धवरावांनी लेकराच्या काटक्यांसारख्या पायांकडं पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. अर्ध्या ढेपेतही भागलं असतं. "बरं, बरं. पण लेकराएवढंच हां. गुंजभर जास्त न्हाई."

गार पारड्यात ठेवताच लेकरानं टाहो फोडला. बाणूबाईचे हात आपसूक पुढं झाले. तिनं त्याला उचलून छातीशी धरलं. ते चिकटलं ते सुटेचना.

"ओढून काढा त्याला!"

"काढा तुम्हीच, मामाजी," राजूबाई म्हणाली. "बाणूअक्का, तू बस तशीच पारड्यात."

बाणूबाई बावरून बसली. लोकांत खसखस पिकली. आडत्याला आज चांगलंच कापलं, असं जो तो शेजाऱ्याला कोपरानं खुणावू लागला. हमालानं समोरच्या पारड्यात एक ढेप ठेवली. मग दुसरी. उद्धवरावांनी डोळे मिटून घेतले. तिसरी ढेप ठेवली आणि बाणूबाईचं पारडं लेकरासकट अलगद वर उचललं गेलं.

खुणावणारी कोपरं खाली आली.

उद्धवरावांनी डोळे उघडले, ढेपा पाहिल्या आणि मोठ्यानं हसले. "हात् तिच्या! ही तर नुसतं चिपाड हाय की!" अंबाजीनं मान हलवली.

राजूबाई अधांतरी झुलणाऱ्या त्या बाईकडं बघत राहिली. आपलं लेकरू इतके दिवस काय पीत होतं, ते तिला आज दिसलं. घरात तिला स्वतःला मात्र रोज तूपभात होता, डिंकाचे लाडू होते. दूध यावं म्हणून. आलं नव्हतं, अंग तेवढं भरलं होतं.

तिनं डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला. सासऱ्यासमोरून चालत गेली आणि बाणूबाईला सावरून धरत तिच्या शेजारी पारड्यात बसली. पारडं धाडकन जमिनीला टेकलं.

"आता टाका ढेपा, मामाजी," ती म्हणाली. "हे वजन तिच्या वाट्याच्या तुपाचं हाय."