मालनबाईची मूठ

काट्यावर चार किलो दिसले तेव्हा धर्मेंद्रनं डबा उचलला, काटा शून्यावर आणला आणि डबा पुन्हा ठेवला. पुन्हा चारच.

"काका, हा मालनकाकूचाच डबा ना?"

"हो जी," सोमाजी म्हणाला आणि मागच्या बाकावर दाराशी जाऊन बसला.

भंडाऱ्याच्या त्या लहानशा चर्चमध्ये मुठीची पद्धत जुनी होती. घरी भात मांडायला तांदूळ घेतले, की त्यातली एक मूठ देवाच्या डब्यात टाकायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळे डबे चर्चमध्ये यायचे, उपासनेनंतर तांदूळ विकला जायचा आणि पैसे आजाऱ्यांच्या निधीत पडायचे. यंदा तो निधी कुंताबाईंसाठी होता. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला नागपूर गाठावं लागे, आणि नुसत्या गाडीभाड्यानंच घर मेटाकुटीला आलं होतं.

आणि नेमका याच वर्षी लोकांनी हात आखडता घेतला होता. रोजची मूठ कुणाच्या लक्षात राहीना. काही घरांत तर शनिवारी रात्री रेशनच्या तांदळाच्या दोन वाट्या एकदमच डब्यात ओतून देवाची बोळवण व्हायची. निधीत जेमतेम पंधरा दिवसांचं भाडं उरलं होतं. धर्मेंद्र चर्चचा खजिनदार. जवाहरनगरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणारा, हिशोबाला पक्का आणि मनाला हळवा. पदरच्या पैशानं त्यानं हा काटा आणला होता. कुंताबाईंची एक खेप जरी चुकली तरी काय होईल, हे डॉक्टरांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती.

म्हणून त्या चार किलोंनी त्याला अगदी भरून आलं. मालनबाई करडी गावच्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या फक्त नाताळाला आणि ईस्टरला यायच्या, एरवी डबा घेऊन त्यांचा नवरा सोमाजी एकटाच एस.टी.नं यायचा. पण डबा कधी चुकला नाही. दर महिन्याला अडीच किलो, वर्षानुवर्षं. एका मुठीचाही फरक नाही. आणि आज, सगळ्यांचे डबे अर्ध्यावर आलेले असताना, त्यांचे चार!

सूचनांच्या वेळी धर्मेंद्र डबा घेऊनच पुढे गेला.

"हे पाहा," तो म्हणाला. "दोन म्हाताऱ्या जीवांचं घर. दुसऱ्याची दीड एकर ठेक्यानं करून खातेत. त्या घरून अडीचचे चार किलो आले. अन् आपन? कोनाचा पगार कमी झाला का? कोनाची भूक कमी झाली का?" त्याचा आवाज चिरकला. "कुंताबाई आपलीच आहे ना? मालनकाकूची मूठ वाढते, तं आपली काहून नाही वाढत?"

बायकांनी माना खाली घातल्या. एकीनं पदर डोळ्यांना लावला. पाळकसाहेबांनीही मान हलवली. धर्मेंद्रला वाटलं, काम फत्ते झालं. आता लोखंड तापलं होतं.

"पुढच्या रविवारी आपन गाडी करू," तो म्हणाला. "काकूले घरून घेऊन येऊ अन् शाल देऊ. अन् काका, तुमी जरा समोर या बरं."

टाळ्या वाजल्या. सोमाजी उठला, पण पुढे येईना. बाजूच्यानं ढकलल्यावर तो टोपी हातात धरून, बाकांच्या मधून, साहेबासमोर उभं करायला आणल्यासारखा आला. एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. धर्मेंद्रनं प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, लाजू नका. काकूनं मूठ कशी वाढवली ते आमच्या बायकायले सांगा. एकीनं जरी ऐकलं, तरी कुंताबाईची एक खेप निघन."

सोमाजीनं काट्याकडे पाहिलं. मग डब्याकडे.

"चुकलं का जी माह्यं काही?"

"नाही हो काका! चुकन कायले?"

"मालननं नाही वाढवली जी." तो इतक्या हळू बोलला की पुढचे लोक वाकले. "महिना झाला, ती बाजेवर हाय. उजवं अंग गेलं तिचं. बोलताबी येत नाही. भात मीच मांडतो."

कुणी हललं नाही. धर्मेंद्रचा हात खांद्यावरून कधी खाली आला हे त्यालाच कळलं नाही. इतकी वर्षं तो या माणसाला शेवटच्या रविवारी भेटत होता आणि डबा मोजून परत पाठवत होता. आज सकाळीही काट्यापाशी त्यानं विचारलं होतं ते डब्याचंच.

"काका..."

सोमाजीला ती शांतता रागाची वाटली. तो घाईघाईनं सांगू लागला, जणू देवाच्या घरात त्यानं मोठीच गडबड करून ठेवली होती.

"पहिल्या दिवशी मी तांदूर घेतला, तं तिनं डाव्या हातानं हा डबा दाखवला. मूठ मिटून दाखवली. एकच. मी एकच टाकत आलो जी, जास्त नाही." त्यानं आपला रापलेला, फावड्याएवढा पंजा सगळ्यांपुढे उघडा केला. "हात माह्या मोठा हाय, त्याले मी काय करू?"