क्यूबातला डॉक्टर कौलातून उतरतो

“कुणालाच खरं वाटणार नाही, डॉक्टरसाहेब, पण मी क्यूबात राहून आलोय,” म्हणत गंगारामतात्या आरोग्य केंद्राची पायरी उतरले. त्यांची बायको दोन महिने अंथरुणाला खिळली होती आणि केंद्रातून ‘पेशंटला इथं आणा’ एवढंच उत्तर मिळत होतं.

“तिथं डॉक्टर घरोघरी जातो. दार उघडलं नाही, तर कौलं काढून उतरतो!”

“मग?” तरुण डॉक्टर हसत मागोमाग निघाला.

“माणसं तपासून झाली, की गोठ्यातल्या म्हशीची नाडी बघतो!” ओढा ओलांडला, चढ संपला, पण तात्यांनी गोष्ट संपू दिली नाही.

घरातही तात्यांचा क्यूबा चालूच होता; डॉक्टर खाटेशी बसून म्हातारीची छाती तपासू लागला. शेजारी कोण आजारी आहे, तेही त्यानं विचारलं.

“डॉक्टरसाहेब,” म्हातारी धापा टाकत म्हणाली, “ह्यांनी जन्मात सांगलीसुद्धा बघितली नाही!”