परत आलेला नारळ

गोपालनं यॉट भाड्यानं घेऊन तळोद्याहून आलेल्या आईला, धनुबाईंना, ग्रीसच्या एका चिमुकल्या बेटावर नेलं. बंदर लागताच धनुबाईंनी गावाजवळच्या प्रकाशा तीर्थाहून आणलेल्या नारळाला कुंकू लावलं, हात जोडले आणि तो समुद्राला अर्पण केला. धक्क्यावरच्या एका कोळ्यानं धाडकन उडी मारली आणि नारळ परत आणून दिला.

धनुबाईंचा चेहराच उतरला. "देवले मन्हा नारळ चालना नही का रे, गोपाल?"

गोपाल कोळ्याशी बोलून हसतच परतला. "माय, आठे ग्रीसमा पाद्री समुद्रमा क्रूस टाकस. जो काढी आनस, त्याले वरीसभर देवना आशीर्वाद!"



खुशीत धनुबाईंनी परतीच्या प्रवासासाठी ठेवलेला दुसरा नारळही आत्ताच बाहेर काढला, आणि धक्क्यावर निम्म्या गावानं शर्ट उतरवले.