मागं घेतलेलं घड्याळ

शेळगावच्या छबूबाईंना लंडनहून मुलाचा, सुयोगचा फोन रोज संध्याकाळी सातला यायचा. दिवाळी सरली आणि तो आठला येऊ लागला.

"तिकडं हिवाळ्यात घड्याळ तासभर मागं घेत्यात," मोहनरावांनी बायकोला समजावलं.

"घड्याळ काय बैलगाडी हाय, मागं घ्यायला? आधी सासूशी बोलतोय त्यो!"

जळफळाट सोसवेना, तेव्हा एकदा सातलाच त्यांनी इंदापूरला सुनेच्या आईला फोन लावला. तो बिझीच लागणार, याची त्यांना खात्री होती. पण पहिल्याच रिंगला आवाज आला, "स्वरूपा?"

"न्हाय, छबूबाई बोलतीय."

"अगंबाई! तुमच्याकडं बी न्हाय आला व्हय फोन? मला वाटलं, लेक आता आधी सासूशी बोलती."

आठ वाजता लंडनहून फोन आले, तेव्हा दोघींचेही फोन बिझी लागत होते.